स्वयंपाकघरातला इंग्रजी ॲलर्जीचा तक्ता: आठ महिने वापरल्यानंतर

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ आमचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे. स्वयंपाक मी आणि माझी धाकटी जाऊ करतो. 1 ऑक्टोबरला कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागाची, सफारी सुरू झाली, त्याच दिवशी ओट्यावरच्या भिंतीला हा तक्ता लावला. पुतणीने बनवून चंद्रपुरातून लॅमिनेट करून आणलेला. डावीकडे देवनागरीत इंग्रजी वाक्यं, उजवीकडे मराठी अर्थ, खाली जिन्नसांची इंग्रजी नावं. आता मे संपत आला.

तक्त्याची गरज का पडली, ते आधी सांगते. मागच्या हंगामात एका परदेशी बाईंनी जेवणाआधी ‘नो नट्स प्लीज’ म्हटलं. आम्ही काजू-बदाम समजलो, ते घातले नाहीत. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट मात्र होता. दुसऱ्या घासालाच त्यांचे ओठ सुजायला लागले. त्यांच्याजवळ इंजेक्शन होतं, ते त्यांनी स्वतःच मांडीत टोचलं आणि आम्ही गाडी काढून चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. बऱ्या झाल्या. पण त्या रात्री मी परातीत सांडलेला कूट पुसत किती वेळ बसले होते, ते मलाच माहीत.

शेंगदाणा खरं तर तूर-हरभऱ्याच्या कुळातला, काजू-बदाम झाडाचे. काहींना एकच चालत नाही, काहींना दोन्ही. म्हणून तक्त्यातलं माझं सगळ्यात कामाचं वाक्य हे: ‘पीनट, ऑर काजू-बदाम, ऑर बोथ?’ काजू-बदाम तसेच मराठीत म्हणते आणि बरण्या समोर ठेवते. बोट दाखवलं की संशय राहत नाही.

‘एनी फूड ॲलर्जी?’ या वाक्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. पहाटेच्या सफारीहून भुकेलेला माणूस त्याला ‘नो, नो’ म्हणून मोकळा होतो. आता मी बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सॲपवर विचारते, आणि ताटावर बसल्यावर पुन्हा. कोणी हो म्हटलं की पुढचा प्रश्न: ‘व्हॉट हॅपन्स इफ यू ईट इट?’ पोट फुगतं म्हणणारा आणि घसा बंद होतो म्हणणारा, यांच्यासाठी स्वयंपाक वेगळा करावा लागतो. घसा बंद होणाऱ्याला ‘सेम ऑइल, सेम पॅन, ओके?’ हेही विचारायचंच, कारण ज्या कढईत सकाळी शेंगदाणे तळले तिच्यातच संध्याकाळी पातोडी तळायची आपली सवय. तेल कशाचं तेही सांगते. आमच्याकडे सोयाबीनचं असतं आणि सोया न चालणारे पाहुणे दोनदा आले.

आधी फोनमधलं भाषांतराचं ॲप वापरून पाहिलं होतं. ‘नट फ्री?’, म्हणजे नट नसलेलं, असं बोलल्यावर त्याने ‘नट मोफत’ असं दाखवलं. जीवाशी गाठ असेल तिथे असल्या यंत्रावर मी विसंबणार नाही.

डिसेंबरात एका मंगळवारी, सफारी बंद असते त्या दिवशी, सिलिॲक असलेली एक मुलगी आमच्याकडे होती. ही ॲलर्जी नव्हे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं, कणीक अगदी चिमूटभर असली तरी. आम्ही भात, तांदळाची भाकरी, अंबाडीची भाजी असा बेत केला, चकचकीत धुतलेला तवा घेतला. वरणाच्या फोडणीला जाऊने हिंगाची डबी उचलली आणि त्या मुलीने हात पुढे केला, ‘कॅन आय सी?’ आम्ही खिडकीशी डबी धरली. बारीक अक्षरात घटकांमध्ये गव्हाचं पीठ लिहिलेलं. जाऊ म्हणाली, ‘ताई, हिंगात कणीक राह्यते?’ वीस वर्षं मी तोच हिंग वापरते, डबी कधी वाचली नव्हती. त्या दिवशी वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली.

तक्त्यात उणिवा आहेत. पुतणीने यादी भारतात खाण्याच्या पाकिटांवर ॲलर्जीचे जिन्नस लिहावे लागतात त्या नियमांवरून घेतली: ग्लुटेनची धान्यं, खेकडे-झिंगे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे-सुकामेवा, सोयाबीन आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते). त्यात तीळ नाही, मोहरी नाही. युरोपच्या यादीत दोन्ही आहेत, अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही लिहावा लागतो. त्यामुळे तिकडचे पाहुणे ‘सेसमी’ विचारतात. आपल्याकडे तर चटणीत तीळ, रस्श्याच्या वाटणात तीळ. ‘डेअरी’समोर नुसतं दूध लिहिलंय. तूप, ताक, लोणी, पनीर सगळं लिहायला हवं होतं, आणि अंडं त्यात येत नाही हेही. चारोळी कोणत्याच यादीत मिळाली नाही, पण ती काजूच्याच कुळातली. काजू न चालणाऱ्याच्या शिऱ्यात मी ती घालत नाही.

वाफेने लॅमिनेशनचे कोपरेही सुटलेत. 108 चा नंबर कोपऱ्यात बारीक छापला होता, तो मी लाल मार्करने मोठा करून घेतला.

ज्यांच्याकडे बाहेरचे पाहुणे जेवतात त्यांनी असा तक्ता जरूर लावावा, पण तयार न आणता आपल्या ओट्यावरच्या डब्या वाचून स्वतः बनवावा. पावसाळ्यात कोअर बंद झालं की आम्ही नवा छापणार आहोत. तीळ आणि मोहरी सगळ्यात वर, आणि हिंगाच्या पुढे कंसात गहू.