स्टेट बोर्ड की सीबीएसई? फक्त इतिहास, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्रापुरतं बोलूया

बोर्ड निवडताना सगळी चर्चा गणित-सायन्सवर होते, जेईई-नीटवर होते, फीवर होते. सोशल सायन्सचं नाव काढलं की "ते काय, पाठ करून होतं" म्हणून विषय संपतो. मी दोन्ही बोर्डांच्या मुलांना हाच विषय शिकवते, एका बॅचला बालभारती (स्टेट बोर्डाची पुस्तकं) आणि लगेच दुसऱ्या बॅचला एनसीईआरटी (सीबीएसईची पुस्तकं), त्यामुळे फरक रोजच डोळ्यासमोर असतो. तर ज्यांची मुलं पाचवी ते आठवीच्या मध्ये आहेत आणि बोर्ड बदलायचं की नाही यावर घरात वाद चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीचे विषय तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

आधी इतिहास, कारण भांडणं त्याच्यावरच होतात.

स्टेट बोर्डात चौथीला शिवछत्रपती, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि त्यात केंद्रस्थानी मराठे, म्हणजे महाराजांनंतर संभाजीराजे, राजाराम महाराज, ताराबाई, मग बाजीराव, पानिपत असं सगळं सलग येतं. आठवीला इंग्रज आल्यापासून स्वातंत्र्यापर्यंत आणि शेवटी संयुक्त महाराष्ट्र, १ मे १९६०. आठवीचं पुस्तक मला मनापासून आवडतं. साताऱ्याचं प्रतिसरकार आहे, हैदराबाद मुक्तिसंग्राम आहे, गोवा मुक्ती आहे. मराठवाड्यातल्या मुलाला १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत झेंडावंदन का असतं हे त्याच्याच पुस्तकात सापडतं, यापेक्षा जास्त काय पाहिजे.

सीबीएसईबद्दल आपल्याकडची जुनी तक्रार म्हणजे मराठ्यांचा इतिहास चार ओळींत उरकतात. जुन्या पुस्तकांबद्दल ती खरीच होती. पण एनसीईआरटीची सहावी ते आठवीची पुस्तकं २०२४ आणि २०२५ मध्ये बदलली, आता इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र-अर्थशास्त्र सगळं एकाच पुस्तकात येतं आणि नव्या आठवीत मराठ्यांवर स्वतंत्र धडा आहे. त्यामुळे "सीबीएसईत शिवाजी महाराज नाहीतच" असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर आधी पुस्तक उघडून बघा. बालभारतीइतकं तपशिलात नाही हे मात्र मान्य, आणि देशभराच्या पुस्तकात ते होणारही नाही.

खरा फरक एका प्रसंगावरून दाखवते. १९३०, सविनय कायदेभंगाच्या आंदोलनात गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. बालभारतीच्या आठवीत हे नीट आहे, मार्शल लॉ, मग मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना फाशी. एनसीईआरटीच्या दहावीत सोलापूरला एक वाक्य, की कामगारांनी पोलीस चौक्या, म्युनिसिपालिटीच्या इमारती, कोर्टं आणि रेल्वे स्टेशनांवर हल्ले केले. बस. एकाचंही नाव नाही. पण त्याच धड्यात पुढे एक प्रश्न उभा केलाय जो बालभारतीत इतक्या स्पष्टपणे येत नाही: या आंदोलनात श्रीमंत शेतकरी का आले, गरीब शेतकरी का आले, व्यापारी का आले, बायका का आल्या, आणि यातल्या प्रत्येकाला स्वराज्य म्हणजे नेमकं काय पाहिजे होतं? चौघांची उत्तरं वेगळी निघतात. वर्गात हा धडा घेताना मुलं अक्षरशः भांडतात आणि मला तेच पाहिजे असतं. तेव्हा बालभारती माणसं आणि गावं देते, एनसीईआरटी कारणं देते. ज्याला दोन्ही मिळतं ते मूल नशीबवान, पण पेपरला एकच बोर्ड असतं.

दहावीला येऊन मात्र स्टेट बोर्डाची इतिहासाची मांडणी मला पटत नाही. घटनांचा इतिहास संपतो आणि इतिहासलेखन सुरू होतं. पहिल्याच धड्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी युरोपातल्या विचारवंतांची रांग. कल्पना भारी आहे, इतिहास लिहितात कसा हे पोराला कळावं, पण पंधरा वर्षांच्या मुलासाठी ती शेवटी जोड्या लावण्यापुरती उरते, कोणाचा ग्रंथ कोणता एवढंच. पुढचे धडे, म्हणजे प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, वारशाचं जतन, हे वाचायला छान आहेत आणि चांगला शिक्षक असेल तर सोनं आहे. पण १८५७ ते १९४७ हा सगळा काळ मुलाने तेराव्या वर्षी, आठवीत, बोर्डाची परीक्षा नसताना शिकून संपवलेला असतो. नववीत १९६० नंतरचा भारत. म्हणजे ज्या वयात राष्ट्रवाद, फाळणी, चळवळ यावर डोकं चालायला लागतं त्या वयात तो विषय पुस्तकात नाही. सीबीएसईत नेमकं उलटं, दहावीत युरोपातला आणि भारतातला राष्ट्रवाद.

आता नागरिकशास्त्र. इथे मी डोळे झाकून स्टेट बोर्डाला मत देईन, आणि हे ऐकून बरेच पालक दचकतात.

सहावीतच ग्रामसभा, सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महानगरपालिका. ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य, हे सहावीचं पोरगं सांगतं आणि मग गावातल्या ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नावं मोजून येतं. एका मुलीने तर घरी जाऊन आजोबांना विचारलं की तुम्ही ग्रामसभेला शेवटचे कधी गेला होता, आजोबा गप्प. सातवीला संविधान, आठवीला संसद. आणि दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हानं. शेवटचे दोन लक्षात ठेवा, कारण एनसीईआरटीच्या दहावीतून याच विषयांवरचे धडे, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हानं, २०२२ च्या सुमाराला अभ्यासक्रम कमी करताना काढून टाकले. जे बोर्ड लोक "मागासलेलं" म्हणतात त्यात ते आहेत.

सीबीएसईचं दहावीचं राज्यशास्त्र (म्हणजे नागरिकशास्त्रच, वरच्या वर्गात हे नाव) बेल्जियम आणि श्रीलंकेपासून सुरू होतं. सत्ता वाटून घेतली तर काय होतं आणि नाही घेतली तर काय होतं, हे शिकवायला ती जोडी खरंच उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्याकडची मुलं बेल्जियमच्या राजधानीत, ब्रुसेल्समध्ये, डच बोलणारे किती आणि फ्रेंच बोलणारे किती हे धडाधड सांगतात आणि आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण विचारलं की एकमेकांकडे बघतात. अर्थात मुंबई-पुण्यात बरीच वर्षं निवडणुकाच रखडल्या होत्या तेव्हा पोरांचा तरी काय दोष!

अर्थशास्त्र. इथे सामना एकतर्फी आहे.

सीबीएसईत नववी-दहावीला अर्थशास्त्र, दहावीला त्याचं वेगळं पुस्तक आणि दहावीच्या ८० मार्कांच्या पेपरात इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र चौघांना २०-२० मार्क. स्टेट बोर्डात पूर्वी भूगोलाबरोबर अर्थशास्त्र असायचं, नव्या अभ्यासक्रमात ते जवळजवळ विरघळलं. नववीच्या भूगोलात "अर्थशास्त्राशी परिचय" हा एक धडा, पुढे व्यापार, दहावीच्या भूगोलात भारत-ब्राझील तुलनेत अर्थव्यवस्था आणि व्यवसाय. नववीच्या इतिहासात पंचवार्षिक योजना, १९६९ चं बँक राष्ट्रीयीकरण, गिरणी संप, १९९१ चं धोरण हे येतं, पण इतिहास म्हणून येतं, व्याज म्हणजे काय आणि कर्ज कोणाला परवडतं हे त्यात येत नाही.

आणि एनसीईआरटीचा पैसा आणि कर्जाचा धडा बघा. सलीम नावाचा बूट बनवणारा, त्याला महिन्याभरात ३००० जोड्यांची ऑर्डर पूर्ण करायची आहे, तो उधारीवर चामडं घेतो, व्यापाऱ्याकडून अ‍ॅडव्हान्स घेतो, ऑर्डर पूर्ण होते, कर्ज फिटतं, वर नफा. आणि लगेच शेजारी स्वप्ना, तीन एकरावर भुईमूग, सावकाराचं कर्ज, पिकावर कीड पडते, पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज, शेवटी जमिनीचा तुकडा विकते. कर्ज दोघांनीही घेतलं, एक वर गेला आणि एक खाली, का? मी हा धडा स्टेट बोर्डच्या बॅचलाही घेते, सिलॅबसमध्ये नसला तरी. कारण पुढे त्याच धड्यात बचत गट येतो आणि निम्म्या मुलांच्या आया बचत गटात असतात, कोणीतरी घरून गटाची वही घेऊन येतं, मग महिन्याचा हप्ता किती, अंतर्गत कर्जाला व्याज किती, कोणाचं थकलं तर गट काय करतो, तासभर कसा जातो कळत नाही. ज्या मुलाला अकरावीत कॉमर्स किंवा आर्ट्सला इकॉनॉमिक्स घ्यायचंय त्याला या दोन वर्षांचा फार फायदा होतो.

परीक्षेचं थोडक्यात. स्टेट बोर्डात इतिहास-राज्यशास्त्र ४० चा आणि भूगोल ४० चा, दोन वेगळे पेपर, वर २० अंतर्गत. चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र, टिपा, सकारण स्पष्ट करा, पॅटर्न ठरलेला, त्यामुळे मेहनती पण फार न बोलणाऱ्या मुलाला मार्क नीट पडतात. राज्यशास्त्राचा वाटा कमी म्हणून शाळा ते शेवटी उरकतात, हे दुखणं सगळीकडे आहे. सीबीएसईत एकच तीन तासांचा पेपर, उताऱ्यावरचे आणि विधान-कारणाचे प्रश्न, इथे नुसतं गाईड पाठ करून चालत नाही. चालवणारे चालवतात, ती गोष्ट वेगळी. आयसीएसईत इतिहास-नागरिकशास्त्राचा वेगळा पेपर आणि अर्थशास्त्र ऐच्छिक, त्यात जास्त शिरत नाही, ती फी परवडणारे हा लेख वाचत बसणार नाहीत.

एक मुद्दा कोणी बोलत नाही तो सेमीचा. सेमी-इंग्लिशमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सोशल मराठीत. या तीन विषयांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हे विषय वाद घालायचे आहेत आणि सातवी-आठवीचं मूल ज्या भाषेत घरी भांडतं त्याच भाषेत वर्गात भांडू शकतं.

मग करायचं काय? मूल सध्या चांगल्या मराठी किंवा सेमी शाळेत असेल, सोशलच्या शिक्षकाच्या शिकवण्यात जीव असेल, तर या विषयांसाठी बोर्ड बदलू नका. एनसीईआरटीचं दहावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट आहे (मराठीत नाही, हिंदी किंवा इंग्रजीत घ्यावं लागेल), नववीच्या सुट्टीत धडा-धडा वाचून होतं. बदलीची नोकरी असेल किंवा पोराला आत्तापासून इकॉनॉमिक्सची ओढ दिसत असेल तर सीबीएसई घ्या, पण बालभारतीची चौथी, सातवी, आठवीची इतिहासाची आणि सहावीची नागरिकशास्त्राची पुस्तकं घरात आणून ठेवा, ती पण ऑनलाइन फुकट मिळतात. नववीत बोर्ड बदलायचा विचार असेल तर मी नको म्हणेन, स्टेटमधून येणाऱ्याला लांब उत्तरं इंग्रजीत लिहायची सवय नसते आणि पहिलं वर्ष त्यातच जातं, बदलायचंच तर सहावीला बदला.

आणि मूल अजून पहिली-दुसरीत असेल तर वरचं बरंचसं विसरा. राज्याने २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणायला सुरुवात केलीय, एनसीईआरटीची नवी पुस्तकंही खालून वर सरकतायत, तुमचं मूल दहावीला पोचेपर्यंत दोन्हीकडची पुस्तकं वेगळी असतील. तुम्ही आत्ता शाळेत जाऊन एवढंच विचारा की सोशलला वेगळा शिक्षक आहे का, की ज्याचा तास रिकामा असेल तो घेतो.