एका कुपीतले सहा आकडे : 'आरएम ८०१२' या सुवर्ण नॅनोकणांच्या संदर्भ पदार्थाचे परीक्षण

अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी', म्हणजे निस्ट, या संस्थेने २००८च्या सुरुवातीला सोन्याच्या नॅनोकणांचे तीन संदर्भ पदार्थ, म्हणजे उपकरणांची पारख करण्यासाठी आधीच नीट मोजून ठेवलेले नमुने, जाहीर केले. आरएम ८०११, ८०१२ आणि ८०१३ अशी त्यांची नावे असून त्यांतील कणांचा नाममात्र, म्हणजे ओळखीपुरता सांगितलेला, व्यास अनुक्रमे १०, ३० आणि ६० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) आहे. कर्करोगावरच्या औषधांसाठी नॅनोकणांची पारख करणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेच्या सहकार्याने ते तयार झाले. मी यांतला मधला, ८०१२, अनेकदा वापरला आहे आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचेच आहे.

पदार्थ दिसायला अगदी साधा आहे. सीलबंद काचेच्या कुपीत सुमारे ५ मिलिलिटर द्रव असतो आणि उजेडासमोर धरल्यावर तो पातळ माणकासारखा लाल दिसतो. त्यात सोने दर ग्रॅममागे जेमतेम ४८ मायक्रोग्रॅम असते. एवढ्याशा धातूने सगळे पाणी रंगते, कारण या आकाराचे कण हिरवा प्रकाश शोषतात. कणांवर सायट्रेटचा, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या क्षाराचा, ऋणभारित थर असतो आणि केवळ त्या भारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. म्हणूनच कुपी गोठवू नये, अशी सोबतच्या कागदपत्रात स्पष्ट सूचना आहे. मिठाच्या बाबतीतही तितकीच काळजी घ्यावी लागते. आमच्या प्रयोगशाळेत एकदा पाण्याऐवजी फॉस्फेट बफर या क्षारयुक्त द्रावणात नमुना पातळ केला गेला, तेव्हा तो लाल रंग डोळ्यांदेखत जांभळट झाला आणि थोड्याच वेळात करडा पडला. क्षारांनी भार झाकला गेला, कण एकमेकांना चिकटले आणि ती कुपी वाया गेली. चूक आमचीच होती, पण नॅनोकणांचा आकार हा त्यांच्या भोवतालावर किती अवलंबून असतो हे त्या दिवशी जेवढे समजले तेवढे कोणत्याही व्याख्यानातून समजले नव्हते.

या उत्पादनाचे खरे मोल मात्र कुपीत नसून तिच्याबरोबर येणाऱ्या अहवालात आहे. नाव ३० नॅनोमीटरचे असले तरी अहवालात कुठेही ३० हा मोजलेला आकडा नाही. त्याच कणांचा व्यास ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने २४.९, लघुकोनी क्ष-किरण विकिरणाने २४.९, स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने २६.९, ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने २७.६, हवेत तरंगत्या कणांच्या विद्युत गतिशीलतेवरून २८.४ आणि द्रवातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डीएलएसने, २८.६ नॅनोमीटर असा दिलेला आहे. प्रत्येक आकड्यापुढे त्याची अनिश्चितता लिहिली आहे. सरासरी काढून एकच गोल आकडा छापणे सोपे होते आणि ग्राहकाला ते आवडलेही असते. तसे न करता सहा पद्धतींची सहा उत्तरे शेजारी शेजारी ठेवण्याचा प्रामाणिकपणा या संस्थेने दाखवला, आणि माझ्या मते या पदार्थाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

हा गुण मला अनुभवाने पटला. परदेशातील एका सहयोगी प्रयोगशाळेबरोबर आम्ही एकाच नमुन्यावर काम करत होतो. आमचे मोजमाप पंचविसाच्या आसपास येत होते, त्यांचे एकोणतिसाकडे झुकत होते, आणि कित्येक आठवडे दोन्हीकडून पत्रे जात होती. नमुना वाटेत बिघडला का, उपकरण जुने झाले का, नोंद चुकली का, अशा शंका घेण्यात वेळ आणि थोडाफार परस्परविश्वासही खर्ची पडला. अखेर दोघांनीही ८०१२ मागवून मोजला. आमच्या ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने २५ दाखवले, त्यांच्या डीएलएसने साडेअठ्ठावीस. दोघेही बरोबर होते. फक्त 'व्यास' या एकाच शब्दाखाली आम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजत होतो. पहिले उपकरण पृष्ठभागावर वाळलेल्या कणाची उंची मोजते, दुसरे पाण्यात हलणाऱ्या कणाची चाल पाहून त्याच्याबरोबर वाहणाऱ्या पाण्याच्या थरासकट व्यास सांगते.

डीएलएसबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण उद्योगात हेच उपकरण सर्वाधिक दिसते. लहान कणांकडून विखुरला जाणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे व्यास दुप्पट झाला की प्रकाश ६४ पट होतो. नमुन्यात थोडे जरी मोठे कण असले तरी ते बाकीच्यांना झाकून टाकतात. नाममात्र १० नॅनोमीटरच्या ८०११ मध्ये हा फरक ठळक दिसतो : ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ८.९, तर डीएलएसने १३.५. हाताशी फक्त डीएलएस असलेल्या माणसाने हे दोन आकडे एकदा तरी शेजारी ठेवून पाहावेत.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रातही माणसाचा निर्णय असतोच. नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर वाळताना दोन कण एकमेकांना चिकटून बसले, तर त्यांना एक मोजायचे की दोन? आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या नॅनोतंत्रज्ञान समितीने, म्हणजे २००५ साली स्थापन झालेल्या टीसी २२९ने, अशाच प्रश्नांसाठी निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांना समान नमुने देऊन तुलना घडवली. त्या तुलनेत सोन्याचा नमुना म्हणून ८०१२च वापरला गेला, आणि त्या दिशेच्या कामातून पुढे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने कणांचा आकार मोजण्याचे आयएसओ २१३६३ हे मानक २०२० मध्ये आले. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की करारांवरच्या सह्या डोळ्यांसमोर येतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तेच कण वेगवेगळ्या भाषांतल्या प्रयोगवह्यांत नोंदवले जात आहेत, असे चित्र येते.

याचा प्रयोगशाळेबाहेर काय संबंध, असे कोणी विचारू शकेल. संबंध थेट आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये शिफारस केलेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली नॅनोपदार्थाची व्याख्या कणांच्या संख्येवर उभी आहे : निम्मे किंवा अधिक कण १ ते १०० नॅनोमीटरमध्ये असले, तर पदार्थ नॅनो ठरतो. संख्येने मोजणारी पद्धत आणि प्रकाशाने मोजणारी पद्धत एकाच भुकटीबद्दल दोन वेगळे निकाल देऊ शकतात, आणि त्या निकालावर उत्पादकाची कागदपत्रे व ग्राहकाला मिळणारी माहिती अवलंबून असते. तिथल्या सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर २०१३ पासून घटकाच्या नावापुढे 'नॅनो' लिहावे लागते. जलद चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेषाही बहुतेकदा सोन्याच्या अशाच कणांची असते. त्यांचा आकार प्रत्येक खेपेला सारखा ठेवणे हे त्या उद्योगाचे रोजचे काम आहे.

विषशास्त्रात तर हा प्रश्न नैतिकही आहे. ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८१च्या निर्णयानुसार ठरलेल्या पद्धतीने एका सदस्य देशात केलेली सुरक्षा-चाचणी दुसऱ्याने मान्य करायची असते, म्हणजे तीच चाचणी पुन्हा प्राण्यांवर करावी लागत नाही. पण 'हाच कण' म्हणजे नेमका कोणता, हे सांगता आले नाही तर ती मान्यता डगमगते. कणांच्या आकारासाठी ओईसीडीची मार्गदर्शिका, क्रमांक १२५, २०२२ मध्ये आली.

आता उणिवा. सोन्याचे जवळजवळ गोल, एकसारखे कण मोजायला सर्वांत सोपे असतात. उद्योगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड, काजळीचे पुंजके किंवा कार्बन नळ्या अशा सरळ वागत नाहीत, आणि ८०१२वर उत्तम चाललेले उपकरण त्यांच्यावर फसू शकते. औषधांत वापरल्या जाणाऱ्या लेपित कणांनाही हा सायट्रेटचा कण जवळचा नातेवाईक म्हणता येत नाही. शिवाय ही मूल्ये संदर्भमूल्ये आहेत, निस्टच्या सर्वोच्च दर्जाची प्रमाणित मूल्ये नव्हेत, हे अहवाल वाचताना विसरू नये. कुपी उघडल्यावर ती लगेच वापरावी लागते. उरलेला द्रव महिनाभराने मोजून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

एवढे असूनही, ज्यांना दुसऱ्या देशातील सहकाऱ्यांबरोबर आकडे वाटून घ्यायचे आहेत त्यांना हा पदार्थ घ्यावा असेच मी सांगेन, आणि शक्य असेल तर दोघांनी एकाच खेपेचा घ्यावा. आम्ही आता नवीन सहयोगाची सुरुवातच त्याने करतो : आधी दोन्हीकडे कुपी उघडली जाते, पद्धतीच्या नावासह आकडे एका पानावर लिहिले जातात, आणि त्यानंतरच मूळ नमुन्याची डबी पाठवली जाते.