मिनी घोडा मोठ्या घोडीसोबत मोकळा सोडायचा की कुंपणापलीकडे ठेवायचा?

माझ्याकडे एक काठियावाडी घोडी आहे, लग्नाच्या सीझनमध्ये नवरदेवासाठी जाते अन् बाकीचे दिवस वावरातच असते, आणि चार वर्षांपासून एक मिनी आहे, खच्ची केलेला नर. पहिलं वर्षभर दोघं एकाच आवारात मोकळे होते, आता शेजारी-शेजारी राहतात, मध्ये कुंपण. ज्यांच्याकडे मोठं जनावर आधीच आहे आणि लेकरांसाठी म्हणा की घोडीला सोबत म्हणून म्हणा मिनी आणायचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितो, कारण मला दोन-तीन जणांनी हेच विचारलं की एकत्र सोडलं तर चालते का.

आधी माप पहा. अमेरिकेतल्या मिनी घोड्यांच्या मोठ्या संघटनेचा नियम जास्तीत जास्त ३४ इंच उंचीचा आहे, आयाळीचे शेवटचे केस जिथं संपतात तिथं मोजायचं. वजन साधारण ७० ते ११० किलो, म्हणजे एका धट्ट्याकट्ट्या माणसाएवढं. माझी घोडी ५८ इंच आणि साडेतीनशे किलोच्या आसपास. दोघं बाजूला उभे राहिले की मिनीची पाठ तिच्या पोटाच्या जवळपास येते. (बाजारात मिनी म्हणून जे दाखवतात ते कधी कधी नुसतं शिंगरू असते, दात पाहून वय काढल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण ते दोन वर्षांनी तुमच्या खांद्याला लागलं तर मग हा सगळा हिशोबच बदलतो.)

आता खरा मुद्दा. लोक मला सांगतात, आमची घोडी गरीब आहे, लेकरू पायात गेलं तरी हलत नाही. माझीही तशीच आहे हो. पण घोड्यांची आपसातली भाषाच लाथेची आहे, कान मागे टाकायचे, मग ढुंगण फिरवायचं, मग एक दुगाणी. मोठ्या घोड्यावर ती लाथ मांडीवर नाहीतर ढुंगणावर बसते, तिथं मांस असतं, चार दिवस सूज राहते अन् विषय संपतो. तीच लाथ, तेवढ्याच ताकदीची, त्याच उंचीवरून मिनीकडे गेली की त्याचं डोकं नाहीतर बरगड्या तिथं असतात. म्हणजे घोडीचा स्वभाव वाईट असायची गरजच नाही, उंचीच घात करते. त्यात घोड्याला अगदी नाकासमोरचं खालचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, आणि मिनी नेमका तिथंच घुसतो.

माझ्याकडे झालं ते सांजच्या खुराकाच्या वेळी. मी दोघांचा भिजवलेला हरभरा एकाच घमेल्यात टाकला, चूक माझी. घोडीनं कान टाकले, मिनी हलला नाही, त्याला लय हाव, आणि एक लाथ बसली खालच्या जबड्यावर. तडा गेला. पण डॉक्टर आले तेव्हा ते हाडापेक्षा वेगळ्याच गोष्टीनं घाबरले होते, म्हणाले याला उपाशी राहू देऊ नका. मिनी, तट्टू, गाढव, या लहान जातींत एक-दोन दिवस खाणं बंद पडलं की अंगातली चरबी सुटून रक्तात येते, रक्ताचं पाणी दुधासारखं पांढरं दिसायला लागते आणि यकृत बसते, त्यातही जनावर लठ्ठ असलं तर जास्तच. मोठ्या घोड्याला एवढ्या लवकर असं होत नाही. आम्ही पाच दिवस कोंडा पातळ भिजवून आणि हिरवं एकदम बारीक कापून रात्री उठून उठून भरवलं. वाचला. पण त्या पाच दिवसांत माझं मत कायमचं बदललं.

म्हणून लाथेच्या बाबतीत वेगळं ठेवणंच बरं, यात मला दुसरं मत दिसत नाही. घोडीच्या मागच्या पायांना नाल असेल तर विचारूच नका. खेळण्याचाही धोका आहे, तरणा नर घोडा खेळात दुसऱ्याच्या मानेला धरतो, मोठ्याला फक्त केस जातात, मिनीला तो उचलून आपटू शकतो.

चाऱ्याचं तर एकत्र जमतच नाही. हिशोब सोपा आहे, वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे माझ्या घोडीला पाच ते सात किलो आणि मिनीला दीड-पावणेदोन. एकाच वावरात सोडले की घोडीला पुरेल एवढं गवत मिनीला जास्त होते. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर धुऱ्यावर, पडीक वावरात जे हिरवंगार येते ते खाऊन मिनी महिन्याभरात ढोलासारखा होतो आणि मग खुरांच्या आत आग होऊन चालणं बंद. उन्हाळ्यात उलटं, कडबा-कुटार टाकलं की घोडी दोन्ही ढिगांवर मालक होते आणि मिनी लांब उभा राहतो. यावर उपाय आहेत, खुराक तोबऱ्यातच द्यायचा म्हणजे कुणी कुणाचं ओढत नाही, आणि पावसाळ्यात डवरणीच्या वेळी बैलाला बांधतो तसं मुसकं मिनीला दिवसातले काही तास, बारीक भोकांचं, पाणी पिता येईल असं. पण हे रोजचं काम आहे, गडी सुट्टीवर गेला की पहिलं हेच बुडते. कुंपण एकदा घातलं की ते काम कुंपण करते. जंताचं औषधसुद्धा वजनावर द्यायचं असते, मोठ्याची पूर्ण ट्यूब मिनीला देऊ नका.

पाणी अन् सावली, मे महिन्यात ४५ डिग्रीत हेही जिवावरचं काम आहे. मोठ्याच्या उंचीचा हौद मिनीला पोचत नाही आणि एकच बाभूळ असली तर तिच्याखाली कोण उभं राहते ते सांगायला नको. एकत्र ठेवा की वेगळे, टाकी दोन अन् सावल्याही दोन पाहिजेतच.

वेगळं ठेवण्यात खर्च कुंपणाचा. आणि इथं मिनीचा त्रास असा की मोठ्या घोड्याला जे कुंपण पुरते ते त्याला कुंपण वाटतच नाही, खालच्या तारेखालून सरळ निघून जातो. काटेरी तार दोघांसाठीही वाईट, कातडी फाटते. मी मधल्या कुंपणाला बांबूच्या आडव्या पट्ट्या मारल्या, खालची जमिनीपासून वीतभरावर, मधल्या फटी एवढ्या की दोघं नाकाला नाक लावू शकतात पण पाय जाणार नाही, मिनीचं खूर लहान असते म्हणून फटी त्याच्या खुराच्या मापानं पाहायच्या, घोडीच्या नाही. बाहेरच्या बाजूला रोही (नीलगाय) अन् रानडुकरांसाठी झटका मशीन होतीच, तिची खालची तार तेवढी खाली घेतली, फक्त पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो, दर आठवड्याला कापावं लागते. अजून एक, खालून निघालेला मिनी शेजारच्या पोल्ट्रीत जाऊ शकतो, आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकते, घोड्याला ते थोडंसंही जीव घेऊ शकते आणि मिनी लहान म्हणून त्याला आणखी कमी पुरते.

आमच्याकडून बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लांब नाही. बिबट्याला अन् मोकाट कुत्र्यांच्या टोळीला साडेतीनशे किलोची घोडी अवघड, मिनी सोपा. काही जण म्हणतात म्हणून तर एकत्र ठेवा, मोठी राखण करते. माझा त्यावर भरोसा नाही, घोडी पळते, लढत नाही. रात्री दोघंही कोठ्यात, दार लावून, वेगवेगळ्या ठाणावर.

मग एकत्र ठेवण्यात काहीच नाही का? आहे, आणि ते लहान नाही. घोडा कळपातलं जनावर, एकटा ठेवला की भिंत चावतो, डोलत राहतो, खात नाही. माझी घोडी मिनी यायच्या आधी दिवसभर फाटकापाशी येरझारा घालायची, तो आल्यावर आठ दिवसांत थांबली. एकमेकांची मान खाजवताना पाह्यलं की कुंपण घालणं जिवावर येते. पण नाकाला नाक लागत असलं तर घोडीला तेवढ्यावर बरंच भागते असं मी पाह्यलं. मिनीसोबत मात्र आतमध्ये त्याच्या मापाचं कुणीतरी पाहिजे, दुसरा मिनी सगळ्यात चांगलं, मी एक बकरी ठेवली आहे.

माजावरच्या जनावरांचं तर एकत्र नाहीच नाही. मोठा नर अन् मिनी घोडी ही जोडी लागली तर पोटातलं शिंगरू बाहेर येताना माय मरू शकते. मिनी नरही उंची पाहत नाही, मोठ्या घोडीच्या मागे लागतो अन् लाथ खातो. खच्ची करून घ्या. मिनीचं लहान पिल्लू असेल तर मोठ्यांच्या आवारात कधीच सोडू नका.

ज्यांची घोडी म्हातारी, शांत, बिननालीची आहे, जागा दोन-तीन एकर मोकळी आहे, कोपरे नाहीत, आणि दिवसभर कुणीतरी वावरात असते, त्यांनी दिवसाचे दोन-तीन तास एकत्र सोडून पाहायला हरकत नाही. आधी पंधरा-वीस दिवस कुंपणाआडून ओळख होऊ द्या, नवीन जनावर यात्रेतून, माळेगावहून की सारंगखेड्याहून, आणलं असेल तर ते आधी तसंही वेगळंच बांधायचं असते, ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गाचा रोग) तपासणी अन् धनुर्वाताची लस झाल्याशिवाय जवळ आणू नका. मग पोट भरलेलं असताना सोडा, खुराक आत नेऊ नका, चाऱ्याचे ढीग दोनाच्या जागी तीन करा, लांब लांब. मिनीला पळून जायला एक जागा ठेवा, घोडी वाकून शिरणार नाही एवढी आडवी बल्ली लावलेली. आणि घोडीचे मागचे नाल काढून ठेवा. माझी घोडी सीझनला डांबरी रस्त्यावर जाते, नाल मला काढता येत नाहीत, म्हणून माझ्याकडे ते दोन-तीन तासही नाहीत.