ओकॅमलमध्ये काहीही छापायचं तर: ‘डिरायव्हिंग शो’ काही महिने वापरल्यावर

पायथनमधून ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेकडे आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, ‘यात साधं प्रिंट नाही का?’ आहे की, पण ज्याचं त्याचं वेगळं. पूर्णांकाला वेगळं फंक्शन, स्ट्रिंगला वेगळं, आणि आपण स्वतः बनवलेल्या रेकॉर्डला (नाव दिलेल्या फील्डच्या गटाला) काहीच नाही. गंमत अशी की दोन रेकॉर्ड सारखे आहेत का, हे बरोबरच्या चिन्हाने बिनधास्त तपासता येतं. छापा म्हटलं की भाषा हात वर करते.

कारण सरळ आहे. कंपाइल झाल्यावर टाइपची माहिती उरतच नाही. शून्य, फॉल्स, नन (‘काही नाही’), युनिट (नुसता रिकामा कंस) आणि रिकामी लिस्ट, या पाचही गोष्टी मेमरीत हुबेहूब सारख्या दिसतात. तुलना करायला तेवढ्या बिट्स पुरतात, पण समोरची किंमत यातली नेमकी कोणती हे त्यावरून कळायचं कसं? यूटॉपमध्ये, म्हणजे ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवणाऱ्या खिडकीत, उत्तर नीट छापून येतं, कारण तिथे टाइप अजून हाताशी असतो. तिथे दिसलेलं प्रोग्रॅममध्ये का दिसत नाही, हा नवख्यांचा नेहमीचा घोळ.

आधी एक्स्टलिब या लायब्ररीतलं ‘डंप’ हे फंक्शन वापरून पाहिलं. टाइप न विचारता मेमरी वाचून जे दिसेल ते सांगतं. नन दिलं तरी ‘0’, फॉल्स दिलं तरी ‘0’. घाईच्या वेळी ठीक, रोजच्या कामाला नाही.

मग पीपीएक्स_डिरायव्हिंगवर, म्हणजे टाइपवरून कोड आपोआप लिहून देणाऱ्या लायब्ररीवर, आलो आणि आता तेच वापरतो. ड्यूनच्या (प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये एक ओळ, टाइपच्या व्याख्येखाली ‘डिरायव्हिंग शो’ एवढी खूण, की छापायचं फंक्शन कंपाइल होतानाच तयार होतं. लिस्ट, ऑप्शन, टपल, रेकॉर्ड, व्हेरिएंट सगळं आपोआप, आणि लांबलचक रेकॉर्ड असेल तर ओळी तोडून, मोकळी जागा सोडून. फक्त नावांआधी मॉड्यूलचा पत्ता चिकटतो. ‘विथ_पाथ’ फॉल्स केलं की जातो. फंक्शन असेल तिथे ‘फन’ एवढंच लिहिलेलं दिसतं, तेही बरोबरच आहे.

आता खटकणारं. ग्राहकाचं नाव देवनागरीत असेल तर शो काय छापतं? ‘म’ या एका अक्षराचे "\224\164\174". स्ट्रिंग अवतरणात छापताना शो आस्कीबाहेरचा (साध्या इंग्रजी अक्षरं-चिन्हांपलीकडचा) प्रत्येक बाइट आकड्यात लिहितं, आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, काना-वेलांटीही वेगळे तीन-तीन बाइटचे. ‘मराठी’ एवढ्यासाठी पंधरा आकडे वाचा! उपाय आहे: त्या फील्डला ‘प्रिंटर’ ॲट्रिब्यूट लावून स्ट्रिंग जशी आहे तशी छापायला सांगायची. प्रत्येक फील्डला लावायचा कंटाळा येतो, म्हणून मी मराठी मजकुरासाठी वेगळा टाइपच केला आणि छापायचं फंक्शन एकदाच लिहून टाकलं. हॅस्केल या दुसऱ्या भाषेवाल्यांनी फार हसू नये. त्यांचं शोसुद्धा ‘म’चं "\2350" करतं. डिरायव्हिंग मुळातच भाषेत आहे, एवढा त्यांचा फायदा.

दुसरा त्रास साखळीचा. आतल्या एखाद्या टाइपला खूण नसेल तर कंपायलर ‘अनबाउंड व्हॅल्यू’ म्हणून अडतो. आपल्या टाइपवर ती लावायला दोन सेकंद लागतात, पण स्टँडर्ड लायब्ररीचा मॅप (किल्ली-किंमत जोड्यांचा संग्रह) आला की हाताने प्रिंटर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. तो लिहायला फॉरमॅट मॉड्यूलचे बॉक्स आणि ब्रेक (ओळी कुठे तोडायच्या, जागा किती सोडायची ते सांगणाऱ्या खुणा) शिकावे लागतात, आणि ते शिकताना डोकं फिरतं. माझ्या मते भाषेचा सगळ्यात कमी समजावून सांगितलेला कोपरा तोच. एकदा जमलं की मात्र नेस्टेड डेटा इतका सुबक दिसतो की लॉग वाचायला कंटाळा येत नाही.

स्वतःकडेच परत येणारी लिस्ट असेल तर शो थांबतच नाही, छापतच राहतं. असं व्यवहारात क्वचित होतं. त्याहून जास्त वेळा भेडसावतो तो बफर (छापायचा मजकूर तात्पुरता साठतो ती जागा): प्रिंटएफ या साध्या छापायच्या फंक्शनने छापलेलं लगेच पडद्यावर दिसेलच असं नाही. फॉरमॅट स्ट्रिंगच्या शेवटी टक्का आणि उद्गारचिन्ह घाला, नाहीतर प्रोग्रॅम सेगफॉल्टने (मेमरीच्या चुकीने) कोसळल्यावर नको तिथे शोधत बसाल.

घ्यावं का? छोट्या स्क्रिप्टला नको, तिथे प्रिंटएफ पुरे. दहा-बारा टाइप असलेल्या प्रोग्रॅमला पहिल्या दिवसापासून घ्या, कारण नंतर खुणा लावत फिरणं जिवावर येतं. पासवर्डसारख्या फील्डला ‘ओपेक’ हे ॲट्रिब्यूट लावायला विसरू नका, मग लॉगमध्ये त्याच्या जागी फक्त ‘ओपेक’ असंच दिसतं. आणि नवा कंपायलर आला म्हणून लगेच उडी मारू नका; पीपीएक्स_डिरायव्हिंग ज्यावर उभं आहे ती पीपीएक्सलिब लायब्ररी त्याला जुळेपर्यंत थोडा धीर धरा.