पहिलं लेकरू आणि कॉलेजातली सेवा: शहरात थांबावं, गावी जावं की एकानं मागं सरावं?

सातव्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं, पुढचं वर्ष कसं काढणार, तर मी म्हणाले असते, प्रभू चालवील. त्यानं चालवलंही. पण पाण्याचा टँकर, संध्याकाळची बायबल स्टडी आणि सासूबाईंची घुटी यांचा मेळ आम्हालाच घालावा लागला. आता आमच्या ओळखीतलं एक जोडपं त्याच वळणावर आलंय. दोघंही आमच्यासारखीच छत्रपती संभाजीनगरात कॉलेजच्या मुलामुलींमध्ये पूर्णवेळ ख्रिस्ती सेवा करतात, म्हणजे बायबल शिकवतात, प्रार्थना घेतात, अडीअडचणीला उभी राहतात, आणि बाळंतपणाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली आहे. परवा ती दोघं घरी आली तेव्हा ओट्याशी उभी राहून मी तासभर बोलले. तेच इथं जरा नीट लिहून काढते.

वाटा तीन दिसतात. शहरातच राहायचं आणि घर मुलांसाठी उघडं ठेवायचं. नाहीतर बाळंतिणीनं वर्षभर गावी राहायचं आणि नवऱ्यानं एसटीनं ये-जा करायची. किंवा शहरातच राहून दोघांपैकी एकानं सेवेतून मागं सरायचं. आमच्या नशिबी एकाच वर्षात तिन्ही आल्या: आधी तीन महिने अंबड तालुक्यात सासरी, मग दोन महिने शहरात दोघंही पूर्ण जोमात, आणि ते जमेना तेव्हा मी मागं सरले. त्यामुळं मला तिन्ही बाजू माहीत आहेत, आणि माझा कलही लपणार नाही.

खरी अडचण पाच ते नऊची

आई की सेवा, असा प्रश्न लोक करतात तो मला फसवा वाटतो. भांडण तासांचं असतं. विद्यार्थी सकाळी लेक्चरला, दुपारी प्रॅक्टिकलला. ते मोकळे होतात संध्याकाळी पाचला आणि हॉस्टेलचं गेट बंद होईपर्यंत आपले असतात. बायबल स्टडी, प्रार्थना, कुणाचं घरचं दुखणं, कुणाचा बॅकलॉग, सगळं त्या चार तासांत. आणि तान्ह्या बाळाचं रडणं? ते दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकदा दिवेलागणीलाच सुरू होतं. म्हणजे सेवेला आणि लेकराला तुम्ही एकाच वेळी हवे असता. बँकेतल्या माणसाचं तसं होत नाही, त्याला संध्याकाळी घरी येता येतं. तेव्हा कुठलीही वाट निवडा, आधी विचारायचं ते एवढंच: पाच ते नऊ बाळ कुणाच्या कडेवर?

शहरात, उघडं दार ठेवून

आम्ही पहाडसिंगपुऱ्यात राहतो. एक खोली, एक हॉल, स्वयंपाकघर. विद्यापीठ जवळ, घाटीचा सरकारी दवाखाना जवळ, रिक्षा रात्रीही मिळते. बाळाला रात्री दोनला ताप भरला तर ह्या जवळपणाची किंमत कळते.

दुसरा फायदा मला आधी कळलाच नव्हता. रविवारी संध्याकाळी हॉस्टेलची मेस बंद असते, म्हणून त्या रात्री आमच्याकडं खिचडी आणि पापड ठरलेला. बाळ आल्यावर मी म्हटलं, आता हे बंद. तर परभणीकडची एक मुलगी आली, हात धुतले, लेकराला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही आधी जेवून घ्या." शहरात परतल्यापासून गरम जेवण मला पहिल्यांदा मिळालं. तिच्या घरी वडील दारू पिऊन येतात, आईला मारतात. ह्यांनी लंगोट बदलताना ती टक लावून बघत होती. दोन वर्षं नवरा-बायकोच्या नात्यावर आम्ही जे शिकवत होतो, ते तिला त्या पाच मिनिटांत दिसलं असावं. मला तरी तसं वाटतं.

पण ह्या वाटेचं बिल मोठं येतं. पाणी बघा. जायकवाडी भरलेलं असो की नसो, आमच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. दिवसाला बारा-पंधरा लंगोट धुवायचे आणि टाकी चौथ्या दिवशी तळाला. मग टँकर, नाहीतर डायपर. एक डायपर दहा-बारा रुपयांना, दिवसाला सहा धरले तरी महिन्याचे दोन हजार झाले. आम्हाला पगार नाही, सपोर्ट असतो. जुने विद्यार्थी, चर्चच्या दोन-तीन मंडळ्या आणि काही मित्र दरमहा पाठवतात, आणि एखाद्याची नोकरी गेली की आमचेही तेवढे कमी होतात. डायपरसाठी जादा मागायला जीभ रेटत नाही. एका ताईंनी आपणहून वर्षभराच्या डायपरचा खर्च उचलला, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून रडले होते.

घरमालकाचंही सांगते. आधी वीस पोरं येतात म्हणून कुरकुर होती, आता पोरं आणि वर रात्री रडणं. आमचं भाडं दीड हजारानं वाढलं, ते ह्यामुळंच की कसं, देव जाणे.

आणि मुख्य दुखणं. हॉलमध्ये बायबल स्टडी चाललेली, मधे पडदा, पडद्यामागं मी बाळाला पाजत बसलेली. सगळं ऐकू येतंय, एका प्रश्नाचं उत्तर ओठावर आहे आणि बोलता येत नाही. बाहेर हशा पिकतो आणि लेकरू दचकून उठतं. मला वाटायचं मी सेवेत आहे. प्रत्यक्षात सेवेतही नव्हते आणि बाळापाशीही नव्हते. पाचव्या महिन्यात एके रात्री मुलं गेल्यावर वीस कप धुताना मी ह्यांना म्हटलं, मला हे जमत नाही. "दोघं पूर्ण जोमात" ही वाट तुमच्या घरात तिसरं मोठं माणूस असेल तरच धरा.

गावी

जुन्या काळी ही अडचण एवढी नसावी. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं ते गावच ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचं होतं. मिशन कंपाउंडात एकाला लागून एक घरं असायची. एकाची बायको आजारी तर दुसरीच्या चुलीवर भात. आज कॉलेजात सेवा करणारा माणूस भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो, आणि कंपाउंडाच्या जवळ जाणारी एकच गोष्ट उरलीय, ती म्हणजे गाव.

अंबड तालुक्यात मला बाज मिळाली, शेक मिळाला, डिंकाचे लाडू मिळाले. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी लेकराला पायांवर आडवं घेऊन असं काही चोळलं की ते तीन तास झोपायचं. पाणी हापशाचं, पण आणून द्यायला दोन जावा. आशाताई दारात येऊन सांगायच्या, उद्या उपकेंद्रात लस आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी एका पैशाशिवाय वेळेवर झाल्या. ते माता-बाल संरक्षण कार्ड मात्र जीवापाड जपा. शहरात परतल्यावर कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात त्यावरच पुढच्या लसी मिळतात, आणि गाव-शहर करणारी माणसं हेच नेमकं कुठल्यातरी पिशवीत हरवतात.

खटके उडतात ते घुटीवर. सासूबाईंना मध चाटवायचा होता. मी म्हटलं, डॉक्टर सांगतात वर्षाच्या आत मध नाही, त्यातनं बोटुलिझमसारखं गंभीर दुखणं होऊ शकतं. "आमची लेकरं काय मेली का?" उन्हाळ्यात तर पाण्यावरून वाद. बेचाळीस डिग्री तापमान, "काहून रडायलंय, तहानलंय ते!" पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, हे मी आशाताईंच्या तोंडून वदवलं तेव्हा ते पटलं. सुनेचं बोलणं आणि आशाताईंचं बोलणं, वजनात फरक असतो.

आणि तोटा? हे शुक्रवारी रात्री निघायचे, अडीच तास एसटी, शनिवार आमच्यासोबत आणि रविवारच्या उपासनेसाठी पहाटेच परत. लेकरू पहिल्यांदा पालथं पडलं ते ह्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही रेंज गेल्यानं अर्धवट. तीन महिने हे चाललं. वर्षभर चाललं असतं तर बापाला लेकरू आणि लेकराला बाप पाहुणा वाटला असता. माझं मनही तिथं कोरडं पडत चाललं होतं. सगळे माझी काळजी घेत होते, पण माझ्याशी देवाच्या वचनाबद्दल बोलणारं कुणी नव्हतं.

एकानं मागं सरायचं, पण कुणी?

इथं सेवेच्या संस्था चालवणाऱ्या बहुतेक कमिट्या बोलायच्या आधीच धरून चालतात की वहिनी थांबतील. थांबाही, पण दोन गोष्टी आधी तपासा.

पहिली कागदाची. संस्थेच्या वहीत तुमचं नाव आहे का? २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या बाईला. "दोघं मिळून सेवा" म्हणत मानधन नवऱ्याच्याच नावावर असेल, तर तुम्ही दहा वर्षं राबलात तरी तुमची रजा कुठंच लिहिलेली नसते. बापाच्या रजेचं खाजगी नोकरीत कायद्यानं काही नाहीच, ते कमिटीकडून लिहून घ्यावं लागतं. शिवाय पात्रतेत बसत असाल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात, अंगणवाडीत चौकशी करा. लाज कसली.

दुसरी गोष्ट मुलींची. मी थांबले आणि दीड महिन्यात मुलींचा ग्रुप अकरावरून चारवर आला. हे मुलींच्या हॉस्टेलवर जाऊ शकत नाहीत, त्यांच्याशी एकटे बसून बोलू शकत नाहीत, आणि बोलूही नये. पुरुष मागं सरला तर मुलांना सांभाळायला सीनियर विद्यार्थी असतात, जुने पदवीधर असतात. बाई मागं सरली की मुलींचं दारच बंद होतं. कमिटीच्या हिशेबात हे येत नाही, कारण कमिटीत बहुधा बाई नसते.

मला त्या दिवसांत बायबलमधली हन्ना आठवायची, शमुवेल संदेष्ट्याची आई. शमुवेल झाल्यावर तिचा नवरा एलकाना दरवर्षीप्रमाणे शिलोच्या मंदिरात यज्ञाला निघाला आणि तिनं सांगितलं, दूध तुटेपर्यंत मी येणार नाही. एवढी नवस बोललेली बाई, पण वर्षाची वारी तिनं चुकवली, आणि नवऱ्यानं तिला अडवलं नाही. त्याच पुस्तकात एली याजक आहे, आयुष्यभर मंदिरात राहिलेला, आणि त्याचे दोन्ही मुलगे वाया गेलेले. माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांसाठी हन्ना बरोबर होती. पण दूध तुटल्यावर ती पुन्हा शिलोला गेलीच, हेही वाचा.

मग काय निवडाल?

तारखेवर बघा. तुमची जूनची आहे. जून-जुलै म्हणजे अॅडमिशन, नवी मुलं, स्टेशनवर ट्रंका उचलणं. नवरा तसाही घरी दिसणार नाही. तेव्हा गाव किंवा माहेर, तीन महिने, आणि गणपती झाल्यावर परत. मार्चची तारीख असती तर मी उलटं सांगितलं असतं: परीक्षांमुळं काम कमी, नवरा मोकळा, शहरातच थांबा, फक्त टँकरचे पैसे बाजूला काढा. मे महिन्याच्या शिबिराला तान्हं लेकरू घेऊन जायचा हट्ट मात्र कुठल्याच हिशेबात धरू नका. आम्ही गेलो होतो. पत्र्याच्या हॉलमध्ये दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी निघून आलो.

परतल्यावर लेकरू सहा महिन्यांचं होईपर्यंत एकानं पूर्ण थांबावं, आणि मग संध्याकाळी वाटून घ्याव्यात. आमच्या वाटण्या अशा: मंगळवार, शुक्रवार ह्यांचे. बुधवार माझा, मुलींच्या ग्रुपचा. रविवारची खिचडी दोघांची, आणि कप मुलांनीच धुवायचे. बाकी संध्याकाळी दार बंद. कुणी बेल वाजवली तर उद्या ये म्हणायचं, आणि हे म्हणायला शिकायलाच आम्हाला दोन महिने लागले. आठवड्याला सात कार्यक्रमांचे चार झाले, आणि रिपोर्टमध्ये आम्ही तसंच लिहिलं. एका दात्यानं फोन करून विचारलं. बाकी कुणी नाही.

पहिल्या बुधवारी मी साडेआठला घरी आले. हॉलमध्ये दोन मुलं बसलेली, ह्यांच्या खांद्यावर लेकरू झोपलेलं आणि पाठीवर शर्टभर ओकलेलं दूध. त्यांना ते माहीतच नव्हतं. मुलांना दिसत होतं, पण दादांना सांगायचं कसं म्हणून दोघंही गप्प बसून होते.