गाडीच्या टपावरचा पांढरा डोम आणि 'सॅटेलाइट नेट', घरगाडी घेऊन फिरणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचा

ट्रॅव्हलरची घरगाडी करून किंवा कॅराव्हॅन घेऊन जे लोक मेळघाट, नवेगावबांध, भामरागड अशा बाजूनं फिरतात त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनांत न् मेळ्यांत आजकाल एक स्टॉल लागते, 'चालत्या गाडीत सॅटेलाइट नेट आणि लाइफटाइम टीव्ही' असा मोठा बोर्ड असते. गाडीच्या टपावर पांढरा डोम बसवून देतात, आत एक मोडेम, एक टीव्हीचा बॉक्स, सगळं मिळून साडेअडतीस हजार. आमच्याकडून तेवढेच घेतले. त्या डोममध्ये सॅटेलाइटचं काहीच नाही, साधं मोबाईलचं सिम आहे, आणि ते सिमही तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे. आमच्यानंतरही त्या लोकांनी दुसऱ्या तालुक्यात स्टॉल लावल्याचं कळलं म्हणून सगळं खुलासेवार सांगतो.

आमची गरज खरी होती. बाबांचं वय झालं, गुडघे गेले, लॉजच्या पायऱ्या चढणं होत नाही, म्हणून सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली आणि नागपूरच्या एका गॅरेजवाल्याकडून आतून पलंग, ओटा, संडास सगळं करून घेतलं. ही, म्हणजे माझी बायको, दहावीच्या पोरांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते संध्याकाळी, पोरांच्या मायबापांनी फी भरलेली असते, त्यांचं बोर्डाचं वर्ष, त्यामुळे गाडी कुठंही असो क्लास चुकवता येत नाही. आणि बाबांना संध्याकाळी सह्याद्रीवरच्या बातम्या लागतात म्हणजे लागतात. नेट आणि टीव्ही दोन्ही भरवशाचं पाहिजे होतं आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी होती.

स्टॉलवर त्यांची स्वतःची गाडी उभी होती, टपावर डोम, आत टीव्ही चालू. पोऱ्यानं मोबाईलवर स्पीड टेस्ट करून दाखवली, ऐंशीच्या वर एमबीपीएस. वर्तमानपत्रातलं एक कात्रण लॅमिनेट करून टेबलावर ठेवलेलं होतं, गडचिरोली न् वाशिम जिल्ह्यात उपग्रहावरून इंटरनेट येणार अशी बातमी. "भाऊ, तुमाले टॉवरचं टेन्शनच नाही, वरून डायरेक्ट येते," म्हणे. बाबांनी विचारलं, "जंगलात चालन का बाप्पा?" तर म्हणे, "काकाजी, जंगलातच तर जास्त चालते, तिथं गर्दी नसते न." बोलायला इतका गोड, बाबांना खुर्ची आणून दिली, चहा पाजला. पण तो मैदान तालुक्याच्या गावात, मागच्याच गल्लीत मोबाईलचा टॉवर. तिथं कोणत्याही फोनवर तेवढाच स्पीड येते, म्हणून अशा डेमोवरून काहीच ठरत नाही.

त्या कात्रणातली बातमी खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो कारण त्याच्यावरच लोक भरवसा ठेवून राहिले. स्टारलिंक या उपग्रहावरून नेट देणाऱ्या कंपनीला दूरसंचार विभागाचं लायसन्स जून २०२५ मध्ये मिळालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्यासोबत लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे इरादापत्रावर, सह्या केल्या, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा दुर्गम न् मागास जिल्ह्यांची नावं होती, ते सरकारी संस्था आणि गावखेड्यांसाठी. ही बातमी ताजी असतानाच आमचा व्यवहार झाला, आणि तेव्हा सामान्य गिऱ्हाईकाला विक्रीच सुरू झालेली नव्हती. म्हणजे बातमी दुसऱ्याची न् माल आपला, असा हा धंदा. त्याच्याही आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं लोकांना जाहीर सांगितलं होतं की लायसन्स नसलेल्या उपग्रह सेवेचं बुकिंग करू नका. तर उपग्रहाचं नेट कोणी विकत असेल तर पहिलं विचारायचं, सेवा कोणत्या कंपनीची, लायसन्स कोणाचं, आणि कनेक्शन माझ्या आधारवर केवायसी करून निघते का. आमची केवायसी कोणीच केली नाही. "डिव्हाइस लाइफटाइम ॲक्टिव्ह आहे, कागदाची कटकट नाही," असं ते चांगली गोष्ट म्हणून सांगत होते.

परतवाड्यावरून सेमाडोहला निघालो. परतवाड्यात नेट झकास, टीव्हीही लागला. घटांगच्या पुढं गेलो न् हळूहळू फोनच्या दांड्या गेल्या आणि त्याच मिनिटाला डोमचं नेटही गेलं. इथंच लक्षात येते. वरून येणाऱ्या नेटला खालच्या टॉवरशी काय देणंघेणं, फोन मेला तर ते काहून मरावं? सेमाडोहला पोचून सिपना नदीच्या बाजूनं मोकळ्यात गाडी लावली, कारण फोनवर स्टॉलवाल्यानंच सांगून ठेवलं होतं की सागाची झाडं आडवी आली तर मोकळ्यात घ्या. मोडेमवर लाल लाइट तसाच. हिच्या क्लासची वेळ झाली, पोरं तिकडे वाट पाहून राहिली, आणि कळवायलाही रेंज नाही. एका दुकानदाराच्या फोनवरून कसंतरी एका पालकाला सांगितलं. हिचा चेहरा पाहवत नव्हता तेव्हा. नंतर रेंजमध्ये येऊन त्या स्टॉलवाल्याला फोन लावला तर म्हणे, "बूस्टर घ्या लागते भाऊ, बारा हजार फक्त, तुमच्यासाठी दहात करून देतो."

बूस्टरचं सगळ्यांनी ध्यानात ठेवा. मोबाईल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर आपल्या देशात खाजगी माणसानं विकणं, घेणं, लावणं बेकायदेशीर आहे, लायसन्सवाल्या मोबाईल कंपन्यांनाच ते लावता येते, दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट बजावलेलं आहे. ऑनलाइन मिळते म्हणून कायदेशीर होत नाही. आणि जिथं सिग्नलच नाही तिथं बूस्टर वाढवणार काय.

परत येताना परतवाड्यात एका टीव्ही मेकॅनिककडे डोम उघडला. जुना माणूस, रेडिओच्या काळापासून दुकान. त्यानं कडेचं सिलिकॉन ब्लेडनं कापलं, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत थर्माकोलचा एक तुकडा, त्याच्यावर डबल टेपनं चिकटवलेल्या दोन चपट्या पट्ट्या, त्यातून दोन बारीक काळ्या वायरी खाली मोडेमकडे गेलेल्या, बाकी सगळा डोम रिकाम्या टोपल्यासारखा. त्या पट्ट्या म्हणजे फोरजीचा अँटेना. मोडेमवर इंग्रजीत सॅटेलाइट लिहिलेलं चकचकीत स्टिकर होतं, ते नखानं सोलल्यावर खाली फोरजी एलटीई राउटर, मॉडेल नंबर आणि पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे मोबाईलच्या यंत्राचा ओळख नंबर. बाजूच्या खाचेत सिम. मेकॅनिक म्हणाला, "दादा, हे दोन-तीन हजाराचं सामान आहे, डोम पत्रा-फायबरवाला बनवून देते." तुमच्याकडे असा मोडेम असेल तर मागच्या बाजूला आयएमईआय आहे का पाहा, केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा, उत्तरात ब्रँड, मॉडेल येते.

त्या सिमवर रोजच्या दोन जीबीचा साधा प्लॅन होता. दोन जीबी संपले की स्पीड ६४ केबीपीएसवर येते, त्याच्यात व्हिडिओ क्लास होतच नाही. टॉवरखाली असतानाही हिचा क्लास रात्री अडकायचा त्याचं कारण हे. मोबाईल कंपनीच्या दुकानात सिम घेऊन गेलो तर त्यांनी एवढंच सांगितलं की हे तुमच्या नावावर नाही, कोणाच्या आहे ते आम्हाला सांगता येत नाही. मला साडेअडतीस हजारापेक्षा या गोष्टीची जास्त धास्ती वाटली. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये फसवणुकीनं किंवा दुसऱ्याच्या नावानं सिम मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद न् पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. असं सिम उद्या कोण्या गुन्ह्यात निघालं तर ते आपल्या गाडीत आहे, लोकेशन आपलं आहे. आणि ज्या बिचाऱ्याच्या आधारवर ते काढलं त्याला पत्ताही नसेल. म्हणून सांगतो, दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाइटवर जाऊन आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते घरातल्या सगळ्यांचं तपासा, म्हाताऱ्या माणसांचं तर आधी. अनोळखी नंबर दिसला की तिथंच 'माझा नाही' म्हणून नोंदवता येते. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, हे लोक त्या मर्यादेतच गुपचूप एकदोन घुसवतात.

आता टीव्हीचं. 'लाइफटाइम सगळे चॅनेल, रिचार्ज नाही' म्हणून जो बॉक्स दिला तो डीडी फ्री डिशचा बॉक्स, नावावर स्टिकर मारलेला. डीडी फ्री डिश प्रसार भारतीची सेवा आहे, डिसेंबर २००४ पासून चालू आहे आणि तिला महिन्याचे पैसे लागतच नाहीत, कोणालाच. डिश न् बॉक्स एकदा विकत घेतला की झालं, दीड-दोन हजारात काम होते. म्हणजे जे सरकार फुकट देते ते यांनी आम्हाला लाइफटाइम पॅक म्हणून विकलं. त्याच्यासोबत टीव्हीला लावायची एक अँड्रॉइड स्टिक होती, तिच्यात बाहेरून टाकलेलं एक ॲप, त्यावर सगळे पेड चॅनेल दिसायचे. थोड्या दिवसांनी ते बंद पडलं न् व्हॉट्सॲपवर मेसेज, सर्व्हर रिन्यू करायचे २,९९९ पाठवा. ते चोरीचे चॅनेल. ते ॲप फोनमध्ये टाका म्हणून लिंकही पाठवली होती, टाकली नाही ते बरं झालं, कारण ते एसएमएस वाचायची परमिशन मागत होतं आणि टीव्हीच्या ॲपला बँकेचे ओटीपी वाचायचं काय काम.

शिवाय डिश त्यांनी टपावर बोल्ट मारून पक्की बसवली, चालत्या गाडीत टीव्ही चालते म्हणून. कशी चालणार? फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, तो ९३.५ अंश पूर्वेला, छत्तीस हजार किलोमीटरवर एकाच जागी असतो, डिशला नेमकं त्याच्याकडेच तोंड लागते. आपल्या विदर्भातून तो आग्नेयेकडे येते, जमिनीपासून साठ अंशाच्या आसपास वर. गाडी वळली की डिश दुसरीकडे पाहते. चालताना पाहायचं तर उपग्रहाच्या मागे आपोआप फिरणारा अँटेना लागते, त्याची किंमत या सगळ्या सामानाच्या कितीतरी पट. आम्ही आता ती डिश काढून तिपाईवर लावली, मुक्कामाला पोचलो की आग्नेयेला झाडं नसलेली जागा पाहतो, छोट्या फाइंडर मीटरनं सिग्नल जुळवतो आणि बाबांच्या बातम्या लागतात. जोराच्या पावसात चित्र अडकते, ते सगळ्याच डिशचं होते.

नेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम स्वतःच्या नावावर, साधा राउटर. निघायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा पाहतो, आणि त्याहीपेक्षा गावातल्या माणसाला फोन करून विचारतो की तुमच्याकडे कोणतं चालते. क्लासच्या दिवशी मुक्काम रेंजमध्येच. जिथं रेंज नाही तिथं नाही, कोणी कितीही डोम विकला तरी.

बिलाचंही पाहा. आम्हाला लेटरहेडवर कोटेशन दिलं, "पक्कं बिल व्हॉट्सॲपवर येईन" म्हणे. पैसे युपीआयनं गेले ते एका बाईच्या नावाच्या खात्यात, बोर्डावरच्या नावाशी काही संबंध नाही. लेटरहेडवर पत्ता अकोल्याचा आणि जीएसटी नंबर २४ नं सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होते, २४ गुजरातचा. माझ्या साळ्यानं जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला, लॉगिनही लागत नाही त्याला, तर कापडाच्या धंद्याचा न् रजिस्ट्रेशन रद्द झालेला निघाला. स्टॉलवर उभ्या उभ्या होणारं काम आहे हे.

तक्रारीचं असं झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राईमच्या पोर्टलवरही टाकलं, पोच नंबर मिळाला, पण तोवर खात्यातून पैसे पुढं गेलेले होते. तिथं जितक्या लवकर फोन तितकं बरं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. पोलीस ठाण्यात आधी म्हणाले हा देण्याघेण्याचा वाद आहे. मग मेकॅनिककडचे फोटो, सोललेलं स्टिकर, स्टॉलच्या बोर्डाचा फोटो, युपीआयची पावती जोडून लेखी अर्ज दिला, त्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहिलं, आणि अर्जाच्या कॉपीवर सहीशिक्का घेतला. सिमही तिथंच पंचनामा करून जमा केलं. ते आपल्याजवळ ठेवू नका, फेकूही नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, त्यांच्या नोटिशीला उत्तर आलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून. आपण राहतो त्या जिल्ह्यातच टाकता येते, विक्रेता कुठलाही असो, आणि पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाका लागते. वकील नसला तरी चालते, मी स्वतःच लिहिली.

असा डोम तुमच्या गाडीवर असेल तर स्क्रू काढताना व्हिडिओ घ्या, आयएमईआय न् सिमच्या मागचा लांब नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. एकाच विक्रेत्यानं पुष्कळ जणांना सारखंच फसवलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांची मिळून एक तक्रार चालवता येते. त्या स्टॉलवाल्याकडून घेतलेले अजून लोक आहेत हे मला माहीत आहे, बुकिंगच्या वहीत आमच्या वर नावं होती. त्यांच्यापैकी कोणी असाल तर पावत्या जपून ठेवा आणि मला सांगा, माझी तारीख लागली की तसा अर्ज द्यायचा आहे.