उन्हाळी गळ: अंदमान की लक्षद्वीप?

बडोद्यात मे महिन्यात शाळा सुटल्या की आमच्या मासेमारीवेड्या मराठी मंडळींत गळ टाकायला अंदमानला जावं की लक्षद्वीपला, हा वाद हमखास निघतो. माझं मत सरळ आहे: मोठ्या झुंजीसाठी अंदमान.

तिथे भरती-ओहोटीचा फरक उधाणाला सुमारे २ मीटर असतो. खडकांच्या कडांवरून पाणी जोरात ओढलं जातं, लहान मासळी त्यात गोंधळते आणि जायंट ट्रेवली हा मोठा शिकारी मासा तिथेच दबा धरून बसतो. पृष्ठभागावर पॉपर (पाणी उडवणारं तरंगतं नकली आमिष) आपटत आणला की ती खालून उसळून येते. खोल कडेला जिग (जड धातूचं नकली आमिष) सोडला तर डॉगटूथ कुपा (ट्यूनासारखा मोठा मासा) लागतो. तो थेट खडकाकडे खाली धाव घेतो आणि दोरी घासून तुटते, म्हणून गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा, म्हणजे लीडर, जाडच हवा. ट्रेवली मात्र गळाच्या टोकाचे उलटे काटे आधीच दाबून सपाट करून पकडावी आणि लगेच पाण्यात सोडावी. इतकी वर्षं जगून वाढलेला मासा मारणं मला पटत नाही.

पण वेळ बघा. अंदमानात मान्सून साधारण २० मेच्या सुमारास पोहोचतो, केरळ-लक्षद्वीपकडे १ जूनच्या सुमारास. त्याआधीही लाटा वाढतात, त्यामुळे दोन्हीकडे मेचा पहिला आठवडाच धरा.

लक्षद्वीपला परमिट लागतं, तेव्हा आधीच अर्ज करा. बडोद्याहून एर्नाकुलमपर्यंत, म्हणजे कोचीपर्यंत, थेट गाडी मिळते, पुढे कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला विमान. तिथले मच्छीमार जिवंत चारा टाकून बांबूच्या काठीने कुपा काढतात. सोबत मुलं असतील तर शांत लगून (प्रवाळखडकांनी वेढलेलं उथळ पाणी) असलेलं हेच ठिकाण घ्या.